दुपट्ट्याखालचा हात

बैलबाजारात आम्ही दलाल तोंडाने आकडा बोलत नाही. दुपट्ट्याखाली हात घालतो आणि एकमेकांची बोटं दाबून सौदा करतो. बापाच्या दावणीला एकही बैल नव्हता. मी या बोटांवरच वर आलो. समोरच्याचा हात गार पडला की ओळखायचं, याला आज विकणं भाग आहे. मग मी भाव आणखी खाली ओढायचो.

घरीही तेच. कोणी घाबरलं, रडलं, की मी म्हणायचो, "हट, एवढंसं त आहे!"

बायकोच्या छातीत गाठ आहे, हे मला थोरल्या वहिनीकडून कळलं. दोघींनी दोन महिने लपवलं होतं. मी ताट भिरकावलं. "मी नवरा आहो का गिऱ्हाईक? मले काऊन नाही सांगितलं?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "काय सांगू जी? तुमी माणसाचं दुखणंही अर्ध्यावर आणता."

वहिनीने असं काय केलं होतं, की तिलाच सांगावं? काही नाही. जवळ बसून भाजी निवडली होती. हे ऐकून मी आणखीच पेटलो.

गोंदियाला तपासणीसाठी वहिनीला मी येऊ दिलं नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलो. आत सुई घालून तुकडा काढणार होते. 'काही नाही निघत' हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. तेवढ्यात तिने पदराखाली माझा हात धरला. तिचा हात गार, घामाने ओला. असे हात मी खूप धरलेत, आणि दर वेळी त्यांचा फायदा घेतलाय. पण आज माझाही तसाच होता, आणि तिला तो कळत होता.

"भेव लागून रायला जी."

"मलेही."

तिने वळून पाहिलं. "तुमाले?"

"लय."

"त मंग सौदा जमला म्हना," ती म्हणाली.

नर्सने हाक मारली, "पेशंट अकेले आएंगे." तिने बोटं लगेच सोडली नाहीत.

आठ दिवसांनी रिपोर्ट आणायचा होता. सकाळी वहिनी पिशवी घेऊन दारात उभी. बायको म्हणाली, "राहू द्या बाई. हे येऊन रायले ना."

त्या दोन महिन्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण आमगावहून निघालेल्या गाडीत मी तो काढला नाही. माझा हात तिच्या पदराखाली होता, आणि गोंदिया जवळ येत होतं.