घड्याळजीचा हात आणि दहा डायोड

चौथा डायोड गेला तेव्हा दुकानात तिघं जण होते आणि तिघांचेही डोळे घड्याळजीच्या उजव्या हातावर गेले. त्या तिघांत घड्याळजी स्वतः धरलेला आहे.

हातात चिमटा होता. चिमट्याचं टोक हवेत अगदी किंचित लटलटत होतं. समोरच्या भिंतीवर मसुराएवढा हिरवा ठिपका पडायला हवा होता. पडला होता तो मेणचट, तळहाताएवढा पसरलेला, कडा नसलेला उजेड. लेझरचा डायोड मरतो तेव्हा विझत नाही. त्याचा साधा दिवा होतो, आणि साध्या दिव्याचा इथे कुणाला उपयोग नव्हता.

"काका, हाही रिटायर झाला," टर्नर म्हणाला.

टर्नरचं लेथचं दुकान गल्लीत पलीकडेच. लेझरची पितळी नळकांडी त्यानेच कातून दिली होती, म्हणून प्रत्येक डायोड बसवताना हजर राहायचा हक्क आहे असं तो समजत असे. घड्याळजीच्या लेकीने वहीत चौथ्या आकड्यावर काट मारली आणि पेनाचं टोपण लावलं. ते टोपण लावणं घड्याळजीला टर्नरच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुकान मूळचं घड्याळजीचं. पन्नास वर्षं तो त्याच खिडकीपाशी, त्याच टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून बसत आला होता. घड्याळं कमी होत गेली तसतशी दुकानाची पुढची बाजू लेकीच्या मोबाइल दुरुस्तीने व्यापली. आता पाटी तिची होती आणि खिडकी त्याची. आठवड्याला दोन-तीन घड्याळं यायची, त्यातल्या निम्म्यांना फक्त बॅटरी हवी असायची.

लेझरचं काम लेकीने आणलं. शहराबाहेरच्या डोंगरात चुनखडीची गुहा आहे. आतमध्ये छताला दगडाच्या बोटांसारख्या सुया लोंबतात, आणि त्यातली नेमकी एक दाखवायची तर गाइडच्या टॉर्चचा उजेड दहा सुयांवर पसरतो. बाजारातल्या लेझरच्या पेना तिथल्या दमट हवेत महिनाभरात आंधळ्या होत. गाइड बाईंना सहा हवे होते: हातात मावणारे, ओल आत न जाणारे, आणि चुकून कुणाच्या डोळ्यावर गेले तरी इजा होणार नाही इतकेच मंद. लेकीने दहा डायोड मागवले. ते यायलाच सात आठवडे लागले, आणि आता गुहा उघडायला तीनच राहिले होते.

पहिला नमुना तिने स्वतः, वेगळ्या सुट्या डायोडवर, पकडीत दाबून बनवला. तो पेटला, पण डायोड नळीत वाकडा बसला आणि ठिपका नाकासमोर जायचा सोडून तिरका जाऊ लागला. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे तुमचं काम आहे." हे वाक्य ऐकून घड्याळजीने त्या दिवशी दोनदा दाढी केली, असं त्याची बायको सांगते.

आणि आता चार गेले होते. उरले सहा, हवे सहा.

"बाबा," लेक म्हणाली, "उरलेले दाबायचे तेवढे यांच्या प्रेसवर दाबू या का? तुम्ही शेजारी बसून सांगा."

"माझा प्रेस बेअरिंगं दाबतो, ताई," टर्नर म्हणाला. "पण थरथरत नाही."

घड्याळजीने चिमटा खाली ठेवला. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाला.

घरी दुपारी जेवताना बायकोने विषय काढलाच. तिला आडून बोलता येत नाही. "अहो, ती विचारत होती, पुढच्या महिन्यापासून बाबा घरी बसले तर त्यांना वाईट वाटेल का. खिडकीपाशी तिला चार्जरचं कपाट लावायचंय."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, वाईट वाटेल. आणि आमटी गार होतेय."

घड्याळजीने वाटी उचलली. वाटीत बारीक लाटा उठल्या. त्याने ती परत ठेवली आणि चमच्याने जेवला.

तर प्रश्न सरळ होता. हात गेला असेल तर खिडकी गेली. पण घड्याळजीला एक गोष्ट बोचत होती आणि ती अभिमानाची नव्हती, धंद्याची होती. दाबून मोडलेली वस्तू मोडल्यासारखी दिसते. त्याने आयुष्यात शेकडो काचा, चक्रं, आस दाबून मोडले होते, सगळेच मोडतात, आणि मोडलेल्याला तडा असतो, चेपलेपण असतं, काहीतरी असतं. मेलेल्या चारही डायोडना भिंगाखाली ओरखडासुद्धा नव्हता. चारही आपापल्या नळीत काटकोनात बसलेले. उलट लेकीचा वाकडा बसलेला नमुना अजून जिवंत होता. वाकडा जगतो आणि सरळ मरतात, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मेलेला एक डायोड नळीतून काढला आणि केसाएवढ्या पात्याच्या करवतीने त्याची टोपी कापली. टोपी मटाराच्या दाण्याहूनही लहान. मग लेकीला म्हणाला, "तुझं ते मोबाइलचं मायक्रोस्कोप जरा इकडे फिरव."

पडद्यावर चित्र आलं. सोन्याची तार शाबूत. उजेड देणारा इवला तुकडा जागच्या जागी, कुठे तडा नाही. फक्त त्याच्या पुढच्या कडेवर, जिथून उजेड बाहेर पडतो तिथे, एक काळा ठिपका.

"हे फुटलेलं नाही," घड्याळजी म्हणाला. "हे जळलंय."

लेक वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"दाबून जळत नाही काही," तो म्हणाला. "तार तुटली असती, काच तडकली असती, तर माझं पाप. हे करंटने झालंय."

टर्नर दारात उभा होताच. "म्हणजे आता ताईची पाळी. बघा, मी म्हणत नव्हतो, नाचता येईना..."

"तुम्ही अंगण वाकडं म्हणत नव्हता, हात म्हणत होता," लेक म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. कारण करंट हे तिचं खातं. सर्किट ती बनवत असे, तपासून देत असे. घड्याळजी फक्त डायोड दाबून दोन तारा सोल्डर करत असे. "माझंच चुकलं असेल, बाबा. मी तुमच्या हाताला उगाच..." तिने वाक्य सोडून दिलं.

घड्याळजी त्या क्षणी गप्प बसला असता तर जिंकलाच होता. हात निर्दोष, खिडकी शाबूत, आणि वर लेकीची क्षमा.

लेकीने उरलेली सहा सर्किटं काढली आणि एकेक तपासू लागली. डायोडच्या जागी ती एक नकली ओझं, म्हणजे डायोडइतकाच करंट खाणारा रेझिस्टर, लावत असे, मग बॅटरी, मग मीटर. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. प्रत्येकाची बॅटरी काढून झाली की चिमट्याने ती दोन उघड्या तारा एकमेकींना टेकवायची. टिक. मगच बाजूला ठेवायची.

"हे काय करतेस?" घड्याळजीने विचारलं.

"उरलेला करंट काढते. बॅटरी काढली तरी कपॅसिटरमध्ये थोडा साठून राहतो ना. तसंच डायोडला जोडलं तर सगळा एकदम त्याच्या अंगावर जातो. म्हणून तुम्हाला द्यायच्या आधी प्रत्येक रिकामं करून देते."

घड्याळजी खुर्चीत मागे टेकला.

बाराव्या वर्षी तो उस्तादाच्या हाताखाली शिकायला बसला तेव्हा पहिला धडा हाच होता. घड्याळ उघडायच्या आधी चावी उतरवून घे. स्प्रिंग गुंडाळलेली असताना आतला एक खिळा जरी सैल केलास तरी सगळी चावी एका झटक्यात सुटते आणि चक्रांचे दात घेऊन जाते. घड्याळ थांबलेलं दिसतं म्हणून ते मोकळं असतं असं नाही. हा धडा त्याने स्वतः पुढे कितीतरी जणांना दिला होता.

"मी परत लावून बघतो," तो म्हणाला.

"काय?"

"तू दिलेलं सर्किट. सोल्डर करायच्या आधी मी बॅटरी लावून मीटरवर बघतो. पुढे वीज येतेय का ते. मग बॅटरी काढतो आणि डायोड जोडतो."

"पुढे काही न जोडता?"

"काही न जोडता."

लेकीने चिमटा खाली ठेवला. "पुढे काही नसेल तर तो कपॅसिटर तोंडापर्यंत भरतो, बाबा." मग जरा थांबून, "मी तपासून दिलेलं तुम्ही पुन्हा तपासत होतात?"

"हो."

"चारही वेळा?"

"चारही वेळा. तू चहा सांगायला बाहेर गेलीस की."

टर्नर खाली बघून बोटांवरचा पितळेचा चुरा झाडू लागला. बोलण्याची इतकी चांगली संधी त्याने त्या गल्लीत कधी सोडली नव्हती. घड्याळजीने हात दाखवून अवलक्षण केलं होतं: आपला हात धड आहे हे सांगायला त्याला लेकीवरचा अविश्वास टेबलावर मांडावा लागला. दूध न पोळताच हा माणूस पन्नास वर्षं ताक फुंकून पीत आला होता, आणि त्या फुंकरीनेच चार डायोड विझवले होते.

लेकीने चारी मेलेले डायोड एका डबीत टाकले. "आठवीत माझ्या गणिताच्या वह्या मी झोपल्यावर तुम्ही तपासायचात," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"एकदाही चूक सापडली नाही," घड्याळजी म्हणाला.

"मग तेव्हाच थांबायचं होतं." ती उठली, त्याच्या टेबलावरचा मीटर उचलला आणि आपल्या बाजूला नेऊन ठेवला. "हा आता इथे राहील. उरलेले सहा तुम्हीच बसवा."

"प्रेसवर नाही?" टर्नरला राहवलं नाही. "सहाला सहा आहेत, ताई. एक गेला तर गाइड बाईंना काय, काडेपेटी देणार?"

"सहाच्या सहा पेटले तर?" घड्याळजीने विचारलं.

टर्नर तीस वर्षं उघड्या मनगटाने हिंडत होता आणि अलीकडे वेळ मोबाइलमध्ये बघत होता. "तर मनगटावर घड्याळ बांधीन. तुमच्याकडचं. चावीचं."

घड्याळजीने खुर्ची पुढे ओढली. जमिनीत गेलेली तार मनगटाला बांधली, कारण अंगावरची साधी वीजही डायोड मारायला पुरते. त्याने चिमटा उचलला आणि टोक लटलटलं. मग त्याने मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं, जिथे पन्नास वर्षांच्या मनगटाने लाकडाला खोलगट केलं होतं, आणि टोक थांबलं. टर्नरने ते पाहिलं. आजवर त्याचं लक्ष हवेतल्या हाताकडेच गेलं होतं.

डायोड म्हणजे कडा असलेली इवलीशी टोपी. पुढे काचेची खिडकी, मागे तीन पाय. घड्याळाच्या काचा बसवायचा जुना प्रेस घड्याळजीने या कामाला घेतला होता. वरच्या दट्ट्याला त्याने मधोमध पोकळ केलं होतं, म्हणजे दाब फक्त कडेवर पडावा आणि खिडकीला काही शिवू नये. खालच्या दट्ट्याला पायांसाठी भोक. पितळी नळी ठेवली, डायोड तोंडाशी टेकवला, भिंगातून चारही बाजूंनी पाहिला, आणि दट्टा हळू खाली आणला. डायोड आत सरकला आणि तळाशी टेकला तो आवाज ऐकू आला नाही, बोटांना कळला.

लेकीने सर्किट पुढे केलं. त्याने चिमट्याने दोन तारा टेकवल्या. टिक झालं नाही; ते रिकामंच होतं. तरी टेकवल्या. हे तपासणं लेकीलाही मान्य होतं. मग सोल्डर, भिंगाची कडी, रबरी वायसर, मागचं झाकण.

भिंतीवर मसुराएवढा हिरवा ठिपका पडला, कडा कापून काढल्यासारखी.

"एक," लेक म्हणाली.

दुसऱ्याला त्याने तितकाच वेळ घेतला, तिसऱ्याला कमी. चौथ्याच्या वेळी बायको जेवणाचा डबा घेऊन आली, सगळ्यांची तोंडं बघून दारातच थांबली आणि तो पेटल्यावरच आत आली. पाचवा पेटला तेव्हा टर्नरने आपलं मनगट चोळायला सुरुवात केली होती. सहावा नळीत बसवताना किंचित अडला. घड्याळजीने दट्टा वर घेतला, नळीच्या तोंडाला राहिलेला पितळेचा कीस चिमट्याने उचलून टर्नरच्या तळहातावर ठेवला, "हा तुमचा," म्हणाला, आणि डायोड पुन्हा लावला. या वेळी तो तळाशी जाऊन टेकला.

सहाही लेझर टेबलावर ओळीने ठेवून त्यांनी एकदम लावले. भिंतीवर सहा ठिपके, एका रेषेत, एकाच उंचीवर. लेकीने पट्टी लावून पाहिलं. तिला पट्टी लावायची गरज नव्हती, पण बापाची मुलगी होती.

"चार्जरचं कपाट दाराशी लावू," ती पट्टी ठेवत म्हणाली. "खिडकीपाशी ऊन येतं."

टर्नरला घड्याळजीने जुन्यातलं सर्वांत जड घड्याळ निवडून दिलं आणि रोज सकाळी चावी द्यायची सवय लागेपर्यंत रोज सकाळी त्याला गल्लीतून हाक मारून विचारलं.

गुहा उघडली त्या दिवशी गाइड बाईंनी चौघांनाही बोलावलं. पहिली फेरी संपवून त्यांनी लेझर घड्याळजीच्या हातात दिला. "काका, ती बघा, सगळ्यात बारीक सुई. उजवीकडची. दाखवा सगळ्यांना."

सुई साठ पावलांवर होती आणि शिसपेन्सिलीएवढी जाड. घड्याळजीने लेझर लावला. इतक्या लांबवर हाताचा कंप शंभर पटींनी मोठा होतो. हिरवा ठिपका छतावर पतंगासारखा नाचू लागला. पाहुण्यांत कुणीतरी हसलं. लेक एक पाऊल पुढे झाली. बायकोने तिचा दंड धरला.

घड्याळजीने आजूबाजूला पाहिलं. समोर लोखंडी कठडा होता, ओलसर, बरोबर टेबलाच्या उंचीचा. त्याने मनगट त्यावर टेकवलं.

ठिपका सुईच्या टोकावर जाऊन थांबला. तिथे पाण्याचा एक थेंब लोंबत होता. तो आतून हिरवा झाला, आणि पाहुणे सेकंद मोजत राहिले तरी ठिपका थेंब पडेपर्यंत हलला नाही.