लॅबच्या शेअरचे पेढे

साथीच्या पहिल्या महिन्यात मी एका औषधवाल्याशी कडाकडा भांडलो. पाच रुपयांचा मास्क त्याने चाळीसला लावला होता. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये, भर रांगेत, आधी कानडीत आणि माझं कानडी संपल्यावर मराठीत मी त्याला सुनावलं, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाता तुम्ही!" त्याला काही कळलं नाही. "सरी सार," म्हणजे बरं साहेब, एवढंच म्हणाला आणि चाळीस रुपये ठेवून घेतले. मास्क मी घेतलाच. न घेऊन सांगतो कोणाला?

घरी येऊन बायकोला हा पराक्रम ऐकवला. "बरं केलंत," ती म्हणाली. माझे पराक्रम तिला पाठ आहेत. सरकारी कारखान्यात बत्तीस वर्षं इंजिनिअर होतो, कुणाचा फुकटचा चहासुद्धा घेतला नाही. आणि घेतला नाही हे सांगायची एकही संधी सोडली नाही.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. ती पुण्याहून इथे नोकरीला आलेली, कोरमंगलात राहते. "मामा, एफडीत काय ठेवलंय? लॅबवाल्या कंपनीचे शेअर्स घ्या. आता सगळ्यांच्या टेस्ट होणार, ऑब्व्हियस आहे." मी तिला दहा मिनिटं नीती शिकवली. मग ॲप कसं डाउनलोड करायचं ते विचारलं. शेवटी लॅब म्हणजे काही मास्कचा काळाबाजार नव्हे, लोकांची सेवाच की! आपला तो बाब्या.

शेअर घेतल्यापासून माझी सकाळच बदलली. उठल्यावर आधी नवे रुग्ण किती ते बघायचं, आकडा फुगला असला की "अरे देवा" म्हणायचं आणि बाजार उघडला की ॲप उघडायचं. देवाचं नाव आधीच घेऊन झालेलं असल्यामुळे ॲप बघताना मन कसं स्वच्छ असायचं.

दुसऱ्या लाटेत खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना, आम्ही त्यांना यजमानच म्हणतो, ताप आला. त्यांचा पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथचा छोटा कारखाना, आणि आमचा वीस वर्षांचा शेजार. त्यांची बायको, आमची अक्का, धारवाडकडची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र कानडी मिसळून. तिने गॅलरीतून वर बघत विचारलं, "अण्णा, टेस्ट कुठे करायची?" मी ताबडतोब नंबर दिला. कोणत्या लॅबचा, ते सांगायला नकोच. सर्व्हिस चांगली आहे, असंही वर म्हणालो.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दोन दिवसांत त्यांना धाप लागायला लागली, हॉस्पिटलात न्यावं लागलं. अक्का घरी एकटी. मुलगा परदेशात अडकलेला, म्हणून हॉस्पिटलात तिच्या नंबरासोबत माझा नंबर दिला होता. बिल्डिंगमधले लोक तिच्या दारावरून जाताना श्वास धरून जात. मीही धरत होतो, उगाच खोटं कशाला बोलू?

आणि नेमका त्याच आठवड्यात शेअर दुप्पट झाला.

आमच्या घरात माझ्या आईपासूनचा नियम आहे, चांगली बातमी घरात कोंडून ठेवायची नाही. मुलांचा निकाल असो, नवी स्कूटर असो, पेढे आधी देवापुढे आणि मग शेजारी. मिठाईची दुकानं बंद, म्हणून बायकोने दूध पावडरचे पेढे वळले, देवापुढे ठेवले आणि वीस वर्षांच्या सवयीने म्हणाली, "चार खाली देऊन या." मी गाढव, वाटी घेऊन निघालो! जिना उतरताना माझ्या डोक्यात काही आलं नाही. खरं सांगतो, काहीसुद्धा नाही.

अक्काने दार उघडलं. आधी वाटीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"पेढे? अण्णा, तुम्हाला फोन आला का? बरे आहेत ना ते?"

आता नाही म्हणायचं, तर पेढे कशाचे ते सांगावं लागणार. "हो अक्का," मी म्हणालो, "स्वल्प बरं आहे म्हणतात." ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. मग वाटीतला एक पेढा देवापुढे ठेवून आली आणि एक माझ्यासमोर खाल्ला. दोन दिवस तिच्या पोटात काही नव्हतं.

वर येऊन बायकोला सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तशीच खाली गेली ती तासाभराने आली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या दोन दिवसांत मी आकडे बघितले नाहीत. मला एवढंच दिसत होतं की माणूस गेला, तर या बाईला मी कुठल्या तोंडाने भेटणार? देवाला हात जोडले, आणि यावेळी खरोखर जोडले.

यजमान वाचले. तीन आठवड्यांनी गाडीतून उतरले तेव्हा अर्धे झाले होते. मी गॅलरीत उभा होतो, डोळ्यांत पाणी होतं, आणि हातात फोन होता. लाट ओसरत होती, शेअरही ओसरत होता. "अरेरे, आणखी पडला," असं माझ्या तोंडून गेलं. बायको शेजारीच उभी होती. तिने ते ऐकलं आणि आत निघून गेली.

तेव्हापासून दरवर्षी, मी पेढे नेले होते त्या तारखेला, अक्का पेढे घेऊन वर येते. "पहिला अण्णांना," म्हणते. तो पेढा मला घशाखाली उतरत नाही. यंदा मात्र राहवलं नाही.

"अक्का, त्या दिवशी मला कसलाही फोन आला नव्हता. पेढे यजमानांचे नव्हतेच. माझे शेअर वाढले होते, त्याचे होते."

"गोत्तु," ती म्हणाली. ठाऊक आहे. "तुमच्या घरच्यांनी तेव्हाच येऊन सांगितलं. उंबऱ्यावर बसून रडल्या."

"आणि मग?"

"मग काय? उरलेले दोन आम्ही दोघींनी खाल्ले. त्या आठवड्यात माझ्या दाराशी दुसरं कोण आलं होतं, अण्णा?"

मला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं उगाच जीव जाळला, असंही वाटून गेलं. अक्काने डबा माझ्यापुढे धरला आणि साधेपणानेच विचारलं, "मग ते शेअर विकले का?"

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी डब्यातला पेढा उचलला आणि अख्खाच्या अख्खा तोंडात घातला, म्हणजे लगेच बोलावं लागू नये.