वलवणच्या खळ्यावरचा फुकट कार्यक्रम

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पुढील मजकूर नाजूक हृदयाच्या आणि संगीताच्या परीक्षा पास झालेल्या मंडळींनी स्वतःच्या जबाबदारीवर वाचावा. झाली सूचना देऊन. आता ऐका.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. एखादं भेटलंच असतं, तर मी त्याला कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं असतं… श्रोत्यांची तेवढी चणचण होती आम्हाला.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. लोणावळ्याचे आम्ही तिघे ‘नव्या संगीताचे’ फुकट कार्यक्रम करायचो. विलास रॉकेलचे डबे आणि रेल्वेच्या रुळाचा एक टांगलेला तुकडा वाजवायचा. त्याची बहीण कुंदा सायकलच्या चाकाच्या तारांवर गज फिरवायची. मी पेटीचा एकच सूर, काळी चार, धरून भाता मारत बसायचो. लोणावळ्यात वाचनालयाने हाकललं, सोमाटण्यात देवळाच्या पुजाऱ्याने. शेवटी विलासच्या वडिलांनी बजावलं — आणखी एकदा हाकलले गेलात, तर सामान भंगारात आणि विलास, तू आपल्या दुकानात चिक्की तोलायला.

उरलं होतं वलवण. तिथले आबा, गावातले मोठे शेतकरी, आपलं भाताचं खळं द्यायला तयार झाले, पण अटीवर.

“खळ्यावर पायताण न्हाई आणायचं. आन गावातल्या एकानं जरी बरं वाजतंय म्हनलं, तर दर बुधवारी या. न्हाईतर पुन्यांदा तोंड दावू नका.”

झोडणी संपलेली, खळं स्वच्छ झाडलेलं, दुपारी चारचं ऊन. सगळं गाव अनवाणी जमलं — ऐकायला नव्हे, आम्हाला पळवून लावायला. पहिल्याच ठोक्याला एकाने विचारलं, कल्हईवाले का तुम्ही, घरची भांडी आणू का? एका मावशीने आमच्यापायी तिची म्हैस आटल्याचं जाहीर केलं. म्हैस अजून रानातून परतलीही नव्हती. मग पहिलं ढेकूळ आलं, पेटीवर. दुसरं कुंदाच्या कपाळावर.

तिने गज खाली ठेवला. विलासने हात मागे घेतले. मी भाता सोडला. विलासचा चेहरा मला आजही दिसतो… चिक्की तोलणाऱ्या माणसाचा चेहरा.

आणि वाजणं थांबलं नाही.

पेटीचा सूर तसाच. मी दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले. विलासने रूळ मिठीत धरला. लोखंड थंड, जराही थरथर नाही, तरी नाद चालूच. मग त्याखालून दुसरंच काही वर आलं. धप्… धप्… धप्… कानात नाही, तळपायात. भाताच्या पेंढ्या फळीवर आपटाव्यात तसं, आणि एकट्यादुकट्याने नव्हे, अख्ख्या आळीने मिळून. खळ्यावर तेव्हा पेंढ्याची एक काडी नव्हती.

ढेकूळ उगारलेला एक हात हवेतच राहिला. म्हशीवाल्या मावशी पायांकडे बघत होत्या, आणि त्यांचे हात पेंढी उचलून आपटल्यासारखे आपोआप वरखाली होत होते. किती वेळ चाललं, सांगता येत नाही. मग थांबलं — एकदम, रास झाल्यावर हात थांबावेत तसं.

वलवणच्या धरणावरच्या एका ओळखीच्या साहेबांचं म्हणणं, पाण्याच्या दाबाने जमीन हादरली असणार. मी विचारलं, मग पाण्याला काळी चार कशी कळली? तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. विलास म्हणतो, घुमारा असेल, आमचाच नाद मागे घुमत राहिलेला. कुंदा विषयच काढू देत नाही. त्या खळ्यावर आम्ही पुढे कितीतरी बुधवार वाजवलं, ढेकळंही खाल्ली, पण ते पुन्हा कधी आलं नाही.

बुधवार कसे मिळाले, तेवढं सांगतो. ते चालू होतं तेव्हा गाव भीतीने गार पडलं होतं. मधोमध आबा डोळे मिटून उभे होते, तळवे मातीत घट्ट रोवून. स्वतःची अट ते साफ विसरले असावेत, कारण सगळ्या गावासमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं —

“आत्ता कुटं बरं वाजतंय.”