लागलं, लागू नव्हे

माझ्या डोक्यावर फळा पडला. हसू नका. मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायची, नोकरीचं पहिलंच वर्ष होतं, आणि वर्गातला तो भला मोठा लाकडी फळा एका खिळ्याच्या भरवशावर भिंतीला होता. खिळा हलतोय म्हणून शाळेच्या चिटणिसांना मी तीनदा लिहून दिलं होतं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "बघू." ते बघेपर्यंत खिळा थांबला नाही.

पनवेलला तेव्हा टांगे होते. मला टांग्यात आडवी घालून दवाखान्यात नेलं, कपाळावर सात टाके घातले आणि दोन दिवस निजून राहा म्हणाले. मला ओकाऱ्या होत होत्या. त्या थांबाव्यात म्हणून डॉक्टरांनी मुंबईहून नवीनच आलेलं कसलंसं इंजेक्शन सांगितलं. ते सांगून दोन दिवस परगावी गेले, टोचलं कंपाउंडरनं. ओकारी थांबली हे मी कबूल करते. कुणाचं श्रेय मला लाटायचं नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर माझी मान डावीकडे वळायला लागली. मी वळवत नव्हते. तिची तीच वळत होती, कुणी पिळून काढावी तशी. मग डोळे वर गेले ते छतालाच खिळले, खाली आणीन म्हटलं तर येईनात. जीभ जाड होऊन दातांबाहेर आली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी पूर्ण शुद्धीवर होते. छतावरची कौलं मोजता येत होती, बाहेर टांगेवाला घोड्याला शिव्या देत होता तेही ऐकू येत होतं. फक्त माझं शरीर माझं नव्हतं. आयुष्यात इतकी भ्यायले नाही, आधी नाही आणि नंतरही नाही.

कंपाउंडर आला. म्हणाला, "काय बाई, औषधाचं कसं काय?"

मी जीव खाऊन म्हटलं, "लाग... लं."

आता मराठी माणसाला हे काय सांगायला हवं? पानातली सुपारी लागते, तंबाखू लागते, घाम फुटतो, गरगरतं, त्यालाच आपण 'लागलं' म्हणतो. मला म्हणायचं होतं, औषध लागलं, मला मारतंय ते. त्या महाभागाने ऐकलं 'लागू'. औषध लागू पडलं! खुशीत मान डोलावली आणि केसपेपरावर लिहिलं, 'औषध लागू'. 'ध'चा 'मा' करणारे इतिहासातच होऊन गेले असं मी मुलींना शिकवत होते. संध्याकाळी तो दुसरं इंजेक्शन घेऊन हजर. मी हातपाय झाडले तर दोघांनी धरलं मला. "बाई, गुण येतोय तर कशाला त्रागा करता?" गुण! माझी हनुवटी खांद्याच्या मागे चालली होती आणि ह्याला गुण दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. वडील माझ्या लहानपणीच गेले, घरात आम्ही दोघीच, आणि चूल पेटायची ती माझ्या नोकरीवर. आईनं माझे वर गेलेले डोळे पाहिले, बाहेर आलेली जीभ पाहिली आणि हातच जोडले. "कोण आहेस गं बाई तू? काय चुकलं आमचं? काय पाहिजे तुला?"

मला चमचाभर पाणी पाहिजे होतं. पण आईच्या मते माझ्या अंगात आलं होतं. ती नारळ आणायला बाजारात धावली, परत येऊन माझी ओटी भरली, कपाळावर टाक्यांशेजारी कुंकू लावलं. कपाळाला हात लावून घ्यायचीसुद्धा सोय उरली नव्हती मला. आणि नेमके त्याच वेळी, हातात चार मोसंबी घेऊन, दारात आमचे चिटणीस. खाटेवर त्यांची मराठीची बाई, मळवट भरलेला, डोळे पांढरे, जीभ बाहेर, आणि पायाशी तिची आई विचारतेय, "कोण आहेस तू?" चिटणिसांनी मोसंबी खिडकीत ठेवली आणि उलट्या पावली गेले. हलणारा खिळा ज्यांना तीनदा सांगून दिसला नाही, त्यांना हे मात्र एका नजरेत दिसलं.

शेजारच्या खाटेवर उरणकडची एक कोळीण होती. पाकट माशाचा काटा पायात मोडून पाय भोपळ्यासारखा सुजलेला. दुपारी कंपाउंडर तिसरी सुई घेऊन आला तेव्हा ती तशीच एका पायावर उठली आणि माझ्या खाटेवर येऊन बसली. "आरं ए, ती 'लागलं' बोलतंय, 'लागू' नाय! सुपारी लागतंय ना मानसाला, तशी दवा लागलीय तिला. आता सुई लावलीस तं तुज्याच हातात मोडीन."

कंपाउंडर तिच्या तोंडाला घाबरला. सुई घेऊन परत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझी मान सरळ झाली, जीभ आत गेली, आणि पहिलं वाक्य मी त्या बाईशी बोलले. "मावशी, तुम्ही नसतात तर मेले असते मी." ती म्हणाली, "नाय गो बाय, मरतंस कशी? पोरींना शिकवाचं हाय ना तुला." त्याच दिवशी तिची माणसं तिला घरी घेऊन गेली.

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय!

पंधरा दिवसांनी टाके काढून शाळेत गेले तर चिटणिसांनी पत्र हातात दिलं. अपस्मार किंवा वेडाचा विकार नसल्याचा डॉक्टरांचा दाखला आणावा, त्याशिवाय वर्गावर जाता येणार नाही. वर्ष संपायला आठवडा उरला होता. वर्षअखेर बाईला कायम करायचं की घरी बसवायचं ते ठरत असे. म्हणजे फळा त्यांचा, खिळा त्यांचा, डोकं माझं फुटलं, आणि दाखला मी आणायचा.

डॉक्टरांनी केसपेपर काढला. "बाई, हे बघा. पहिलं इंजेक्शन, औषध लागू. दुसरं दिलं. तिसरं दिलं, रुग्ण बरा."

"तिसरं दिलंच नाही!"

"इथे लिहिलंय."

मी कंपाउंडरकडे पाहिलं. तो बाटल्या पुसत होता. डॉक्टर समजूत घातल्यासारखं बोलले, "औषधानं तुम्ही बऱ्या झालात. मग चिटणिसांनी पाहिले ते आचके कशाचे? डोक्याच्या मारानं फिट्स येतात. असा दाखला मी कसा देऊ?"

घरी येऊन मी इतकी रडले की आईनं पुन्हा नारळ काढला. मी ओरडले तिच्यावर. ज्या बाईनं शब्द ऐकला होता ती खाडीपलीकडे, ज्यानं खोटं लिहिलं तो गप्प, आणि खरं ठरलं होतं ते त्या कागदाचंच. मी व्याकरण शिकवणारी बाई, आणि एका क्रियापदानं माझी नोकरी खाल्ली होती. चीड आली, अशी चीड की भीती कुठल्या कुठे गेली.

दुसऱ्या दिवशी मी चिटणिसांना घेऊनच दवाखान्यात गेले. डॉक्टरांपुढे दंड उघडा करून बसले. "तेच औषध टोचा. आज माझं डोकं बरं आहे, ओकारी नाही, काही नाही. मान वळली तर औषधानं वळली. नाही वळली तर मी आजच राजीनामा देते."

डॉक्टर म्हणाले, "वेड्यासारखं काही बोलू नका."

"तेच तर ठरवायचंय ना?"

चिटणीस खोकले. डॉक्टरांनी केसपेपर पुन्हा वाचला. मग म्हणाले, "अर्धीच मात्रा. आणि मी इथून हलणार नाही." कंपाउंडरनं सुई भरली आणि माझ्याकडे न पाहता टोचली.

येताना मी पिशवीतून पाटी आणली होती. जीभ पुन्हा दगा देणार हे ठाऊक होतं, म्हणून घरीच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. पाटी मांडीवर उलटी ठेवून मी बाकावर बसले. तास गेला. चिटणिसांनी घड्याळ पाहिलं. दुसरा तास गेला. मी देवाला चक्क नवस बोलत होते, बाबा रे, मला आचके येऊ देत. असा नवस कुणी बोललं असेल का?

तिसऱ्या तासाला मान डावीकडे ओढली गेली. मग डोळे गेले वर. डॉक्टरांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी माझा खांदा धरला. मी चाचपडत पाटी सुलटी केली आणि समोर धरली. समोर कोण होतं ते दिसत नव्हतं. चिटणिसांनीच वाचली असावी, कारण आवाज त्यांचा होता. "औषध लागले. लागू पडले नाही."

नंतर टाक खरडल्याचा आवाज आला. सही होतेय की नाही हे मला कळेना, माझे डोळे छताला लागलेले. तेवढ्यात चिटणीस कागदावरचं मोठ्यानं वाचू लागले, सावकाश, शाळेतल्या मुलीसारखे. आधीचं 'लागू' खोडलं आहे. वर लिहिलं आहे 'लागले'. तिसरं इंजेक्शन दिलेलं नाही. बाईंना फिट्स नाहीत.

मग ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, सोमवारपासून या. खिळा आजच ठोकून घेतो."

मला मान डोलवून हो म्हणायचं होतं. पण मान हलेना आणि जीभ वळेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तेवढं त्यांना दिसलं.