जसोदाबाईचा वाघ

म्हसावदच्या जसोदाबाईला वाघ बघायचा होता. तिच्या गोठ्याच्या दारातून सातपुडा दिसायचा. नवरा, रतिलाल, दरवर्षी शिवरात्रीला तोरणमाळची यात्रा करून आला की चार दिवस वाघाशिवाय दुसरं बोलायचा नाही. पडक्या किल्ल्याची भिंत, पलीकडे तळं, आणि तळ्यावर पाणी प्यायला येणारा वाघ! लग्न होऊन आली तेव्हापासून ती हेच ऐकत होती. पण जायचं तर म्हशीचं काय? ती बया दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हाच सोडत नसे. गावाला यात्रा आणि जसोदाबाईला शेण! रात्री गोठ्याशी तरस आलं की तीच दगड भिरकावून "हाऽऽड!" करून हाकलायची, आणि सकाळी पुन्हा डोंगराकडे बघत बसायची. जीव नुसता तुटायचा.

साठ सालच्या सुमारास सून आली आणि म्हशीने एकदाचा तिचा हात मानला. त्याच शिवरात्रीला जसोदाबाई निघाली. गाडी पायथ्याच्या गावात ठेवून बैल वर नेले, शिधा त्यांच्याच पाठीवर. यात्रा पांगली तरी बाई हलेना. एवढ्या कोलाहलात वाघ कशाला तडमडेल? आज एक दिवस राहू, म्हणून हटूनच बसली.

दिवस मावळताना दोघं त्या पडक्या भिंतीआड बसली. बैल पुढ्यात बांधलेले. रतिलालला डुलकी लागली. एकाएकी बैल फुरफुरले, दाव्याला हिसके देऊ लागले. तळ्याकाठचं गवत हललं आणि त्यातून भलंथोरलं पिवळं अंग बाहेर पडलं. उभा जन्म ज्याची वाट पाहिली तो आला, आणि जसोदाबाईची नजर गेली बैलांकडे. हात आपसूक उठला, दगड सुटला.

"हाऽऽड! हाड, मेल्या!"

तिने वर पाहिलं तेव्हा वाघ वळलेला होता. पाठीवरचे पट्टे दिसले, शेपूट दिसलं, मग नुसतं गवत.

रतिलाल धडपडत उठला. बैल शाबूत पाहून त्याला हर्षवायू व्हायचाच काय तो बाकी होता. "वाघले हाकली दिनं तू! आखं म्हसावद तुन्हं नाव काढी वं!"

जसोदाबाई भिंतीला टेकून रडू लागली. रतिलालला वाटलं, घाबरली बिचारी. तो पाठीवरून हात फिरवू लागला, तशी ती म्हणाली, "मी वाघनं तोंडबी नही देखं."