मार्की, रूजे आणि एका दमातली चढण

जेरोकाका आमच्याच गावचा, ओव्हेर्नच्या डोंगरातला. स्वभावाने हेकट, तोंडाने तिखट. बैलांशी बोलताना मात्र नुसतं लोणी.

गावाखालच्या चढणीवर मोटारी हमखास बंद पडायच्या. पॅरिसचे साहेब धुळीने माखून माझ्या दुकानात यायचे, मेणबत्त्या आणि चीज यांच्यामधला पेट्रोलचा डबा न्यायचे, आणि तरीही शेवटी काकाच्याच दारात उभे राहायचे. काकाचे तांबडे बैल, मार्की आणि रूजे, मोटार ओढून वर आणत. पण गाण्याशिवाय पाऊल उचलत नसत. आमच्याकडची रीतच ती: बैल जुंपले, की त्यांची नावं लांबवून गात राहायचं.

१९०८ च्या उन्हाळ्यात मस्यू व्हाल्कूर नावाचे साहेब आले. मोटारीतून हिंडायचं आणि त्यावर पुस्तकं लिहायची, हा त्यांचा उद्योग. त्यांचीही मोटार काकाच्या बैलांनी ओढून वर आणली, तेव्हा त्यांनी पाकीट काढलं.

“पैसे नकोत,” काका म्हणाला. “पुस्तकात माझ्या बैलांची नावं तेवढी घाला.”

“घालणारच! दिला शब्द.”

पुस्तकात बैलांची नावं येणार, असं सांगून हिवाळाभर काकाने गावाचं डोकं खाल्लं. पुस्तक आलं तेव्हा अर्धं गाव माझ्या दुकानात. काकाला अक्षरओळख नाही, म्हणून मीच वाचलं: ‘ती भयंकर चढण माझ्या मोटारीने एका दमात पार केली.’ बैलांचा पत्ताच नाही! लोक खो खो हसले. काका टोपी घालून निघून गेला. मला इतका संताप आला, की त्या पानात चीजच बांधणार होते.

पुढच्या उन्हाळ्यात मस्यूंची मोटार त्याच चढणीवर बंद पडली. या खेपेला बाईसाहेबही होत्या, हातात नवऱ्याचं पुस्तक.

“अहो, इथे तर तुम्ही एका दमात...?”

मस्यू गोरेमोरे झाले. काकाने बैल जुंपले. चढणीवर अडलेल्याला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. पण तोंड मिटलेलं. बैल ढिम्म.

“गा ना हो, बाबा!” मस्यू काकुळतीला आले.

“आज घसा बसलाय. तुम्हीच गा. नावं ठाऊक आहेत ना?”

मस्यूंना आठवेनात.

“हा मार्की. हा रूजे,” काका सावकाश म्हणाला.

मग मस्यू व्हाल्कूर भर उन्हात, चढण संपेपर्यंत गात गेले: “मार्कीऽऽ! रूजेऽऽ!” शेतातली माणसं काम टाकून ऐकत राहिली.

नव्या आवृत्तीतही नावं आली नाहीत. मी चिडून काकाला सांगायला गेले.

“अगं देल्फीन,” तो बैलांना गवत घालत म्हणाला, “लिहिलेलं मला कुठे वाचता येतं? गायलेलं मात्र ऐकलं.”