डोळा वळला का, बघा

एसटीच्या ड्रायव्हरवर माणसाने डोळे मिटून विश्वास टाकावा, असं म्हणतात. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर भुताखेतांवर एक वेळ विश्वास ठेवतील, पण ड्रायव्हरवर नाही. इतका काळजीखोर माणूस जव्हारपासून खोडाळ्यापर्यंत दुसरा झाला नाही. आम्ही दोघं जव्हारला राहायचो आणि खोडाळ्याला शिकवायचो, त्यामुळे ती काळजी रोज माझ्या शेजारी बसून प्रवास करायची. डावीकडची पहिली सीट सरांची. तिथून आतल्या आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसत, आणि मोखाडा सोडून वळणं लागली की सर त्यांच्यावरून नजर काढत नसत. डोळे नुसते उघडे असून भागत नाही, ते सारखे हलले पाहिजेत, हा त्यांचा सिद्धांत. "नजर एका जागी थिजली की समजा, मेंदू झोपला. मग ते डोळे नाहीत, बटणं आहेत!" तसं काही दिसलं की ते मोठ्याने खोकत. एकदा ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणाला, "गुरजी, मना असा नका बघू. माझी बायको पन इतकी नाय बघं." पुढे त्यालाही सवय झाली.

वर्गातही तेच. मुलांच्या हातात आरसा देऊन सर विचारत, "आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघ, मग उजव्या. डोळे हलताना दिसले?" कुणालाच दिसत नसत. शेजारच्याला मात्र स्पष्ट दिसत. "डोळा उडी मारतो तेवढ्यात मेंदू पडदा टाकतो," सर खुशीत सांगत. "स्वतःचे डोळे हलताना जन्मात दिसायचे नाहीत. त्याला दुसरा माणूस लागतो." हे परीक्षेत कधीच येत नसे, म्हणून हेडमास्तर आणि त्यांचं वाजायचं.

एका सकाळी जव्हारच्या स्टँडवर त्यांनी माझा दंड धरला. "या दोन गाड्यांतली आपली कुठली हो?" गाडी एकच उभी होती. मी हसलो, मग त्यांचा चेहरा बघितला आणि त्यांना हाताला धरून गाडीत चढवलं. शाळेत हेडमास्तरही दोन दिसू लागले. "एकच झेपत नव्हते," सर म्हणाले, पण भिंत धरून वर्गात गेले. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा धड आहे, पण उजवा डोळा उजवीकडे वळवणारी मेंदूकडून आलेली नस रक्तातल्या साखरेने दमली आहे. काही महिन्यांत सुधारेल बहुतेक. त्या 'बहुतेक'ने सरांची झोप उडाली.

एकाचं एकच दिसावं म्हणून छत्रीच्या काळ्या कापडाची पट्टी उजव्या डोळ्यावर बांधून ते येऊ लागले. घरी एकटेच असत. म्हणून रोज स्टँडवर पट्टी काढून मला पेन हलवायला लावत. "डोळा वळला का, बघा." "नाही, सर." खोटं बोलावंसं वाटे, पण जीभ रेटत नसे. गाडीत ते मान खाली घालून बसत. खोकला बंद झाला आणि मलाच प्रत्येक वळणावर धास्ती वाटू लागली. ड्रायव्हरची गत आणखी वाईट. एक दिवस तो म्हणाला, "गुरजी, एका डोल्यानं तरी बघा. मना चैन नाय पडं." सरांनी मान वर केली.

शेतातली नागली, म्हणजे नाचणी, कापायला आली तेव्हाची गोष्ट. पट्टी काढून सर समोर बघत होते. गाडी उजवीकडे वळली आणि ड्रायव्हर ओरडला, "गुरजी! दोनी डोलं वललं! आरशात मी बघला!"

"खरंच?" सरांनी मला विचारलं. मी घाईने पेन हलवलं. डोळा पार कडेपर्यंत गेला, पाण्याने भरलेला.

"वळला, सर."

सरांनी डोळे पुसले, आणि मग एकदम भानावर येऊन खेकसले, "अरे, तू आधी पुढे बघ!"

यथावकाश सर निवृत्त होऊन लेकीकडे गेले. आता त्या सीटवर मी बसतो. मोखाडा सुटला की ड्रायव्हर एकदा आरशात माझ्याकडे बघतो. तेव्हा मी जागा आहे एवढं कळावं, म्हणून उगाच डोळे इकडून तिकडे हलवतो. मग एकदा खोकतोही.